जखम शरीर भरते, आपण आड येऊ नये

कामावर पत्रा लागला, पायात खिळा घुसला की वस्तीत आजही कुणी हळद दाबते, कुणी चुना, कुणी तंबाखू, कुणी विडीची राख. लावणाऱ्याची माया खरी असते. तरीही आम्ही स्पष्ट म्हणतो, ही सवय सोडली पाहिजे. जखम भरण्याचे काम शरीर स्वतः करते. राख-चुन्याने आपण त्या कामात घाण मिसळतो.

डेंग्यूच्या दिवसांत आपण रिपोर्टवर प्लेटलेटचा आकडा बघतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. जखम होताच त्या फाटलेल्या रक्तवाहिनीला चिकटतात आणि रक्त थांबवायला मदत करतात. पण त्यांचे काम तिथेच संपत नाही. त्यांच्या पोटातून वाढ घटक म्हणजे ग्रोथ फॅक्टर बाहेर पडतात. हे जणू सांगावेच. एक सांगावा पांढऱ्या पेशींना बोलावतो, त्या जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. दुसरा नवे मांस भरायला लावतो, तिसरा नव्या रक्तवाहिन्या फुटायला. वाढ घटकांच्या शोधासाठी स्टॅनली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शुगर वाढलेली असली की हेच काम रखडते. पायाला रक्त कमी पोहोचते, तळवा बधिर होतो, जखम झाल्याचे कळतही नाही. आज-उद्या करता करता बोट, मग पाय कापायची वेळ येते. गटार, कचरा आणि बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसांना हा धोका अधिक आहे.

हल्ली काही दवाखान्यांत पीआरपी सुचवतात. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातल्या प्लेटलेट एकवटतात आणि जखमेवर वापरतात. न भरणाऱ्या काही जखमांना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण शुगर आटोक्यात नाही, जखमेत पू आहे, पायाचा रक्तपुरवठाच तपासलेला नाही, अशा वेळी कर्ज काढून पीआरपी करणे आम्हाला मान्य नाही. आधी डॉक्टरांना विचारा, ‘या तीन गोष्टी पाहिल्या का?’ विचारण्यात लाज कसली?

जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात जा. जेवणात डाळ, अंडी, मासे असू द्या. तंबाखू-विडी सोडा, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. शुगर असणाऱ्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत. दिसत नसतील तर लेकीसुनेला, नातवाला पाहायला सांगावे. जखम दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आणि कामावर बूट-हातमोजे मागा. ते कुणाचे उपकार नाहीत, तो आपला हक्क आहे. जी जखम झालीच नाही, ती भरावीही लागत नाही.