डोळे मिचकावणारं पोर आणि पोटातले जीव



धाकट्या जावेचा मुलगा आठ वर्षांचा. वर्षभर डोळे मिचकावतो, खांदा उडवतो, घसा खाकरतो. पाठशाळेत नवकार चालू असताना खाकरतो म्हणून त्याला मागे बसवलं. घरातही "मुद्दाम करतोस" म्हणून रागावलो. त्यात मीही होते. डॉक्टरांनी सांगितलं, याला टिक म्हणतात, ते मुद्दाम नसतं.

परवा पुण्याहून नणंदबाईंचा फोन आला. चीनमध्ये अशाच एका मुलाच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडले आणि तो बरा झाला म्हणे, आपणही चौकशी करू. जाऊबाई रडायलाच लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मळात संमूर्च्छिम जीव उपजतात, ते पोराच्या पोटात घालायचे?"

चीनची गोष्ट खोटी नाही. 2017 साली नऊ वर्षांच्या एका मुलाचा अहवाल छापून आला होता. आठ आठवड्यांत त्याच्या टिक खूपच कमी झाल्या. पण मुलगा एकच. आणि टिकचा स्वभाव बघा: साधारण पाच-सहाव्या वर्षी सुरू होतात, दहा-बाराव्या वर्षी जोर धरतात, मोठेपणी बहुतेकांच्या ओसरतात. मधेही काही आठवडे वाढतात, काही आठवडे जवळजवळ जातात. आपण धावतो ते जोर असतानाच. मग जे काही केलं त्याचाच गुण आला असं वाटतं. गेल्या पर्युषणात जाऊबाईने आयंबिलं केली आणि पोराचे डोळे पंधरा दिवस शांत राहिले. दिवाळीत पुन्हा सुरू!

हा उपचार खरा कामाला येतो तो सी. डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे वारंवार होणाऱ्या जुलाबांत. त्यासाठी अमेरिकेत 2022 मध्ये अशा औषधाला मंजुरीही मिळाली. पण त्याच अमेरिकेत 2019 मध्ये दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे जिवाणू गेले आणि एक रुग्ण दगावला. दात्याची तपासणी नीट झाली नाही तर असं होतं.

सासूबाईंची शंका मी हसण्यावारी नेत नाही, ती महाराजसाहेबांना विचारू. पण माझा नकार किळसेपोटी नाही. उद्या शेकडो मुलांवर नीट पारखून हे सिद्ध झालं, तर मी पुन्हा विचार करेन. आज एका मुलाच्या भरवशावर आपलं पोर पुढे करायचं नाही, कर्ज काढून तर मुळीच नाही.

त्यापेक्षा साधी गोष्ट आहे. टिक येण्याआधी आत खाज सुटल्यासारखं होतं. ते ओळखून त्या जागी दुसरी हालचाल करायची सवय मुलांना लावतात. मोठ्या शहरांतले मानसोपचारतज्ज्ञ हे शिकवतात. आणि घरच्यांनी सारखं टोकायचं नाही. हे दुसरं आम्हाला जास्त जड जातंय, खरं सांगते. सासरेबुवा अजून "डोळे!" म्हणून ओरडतात.

रविवारी मी स्वतः पाठशाळेत जाणार आहे. खाकरला तरी त्याला पुढच्या रांगेत बसवा, एवढंच बाईंना सांगायचंय.