सोमवारी ३ ते ५

ग्रामपंचायत असो, पंचायत समिती असो की तालुक्याची दुसरी कुठली कचेरी, तिथले कागद बघायचे असतील तर दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जाऊन ते बघायला मागता येतात. सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी तसा शासन निर्णयच काढलेला आहे. आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना मी हे सांगितले, त्यात माजी सरपंचही होते. एकालाही ठाऊक नव्हते. एका कचेरीतल्या बाबूलाही नव्हते, पण त्याने निदान निर्णयाची प्रत मागून घेतली.

गावच्या संस्थांचे हिशेब तपासणे ही माझी आयुष्यभराची नोकरी. आता निवृत्त होऊन वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात गावी राहते. म्हणून जे लिहिते आहे ते तपासणाऱ्याच्या बाजूने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. सरकारी लेखापरीक्षण होते म्हणजे आपल्या पैशांवर कोणाची तरी नजर आहे, असे लोकांना वाटते. नजर असते, पण ती कागदावर. प्रमाणक रोकडवहीशी जुळते का, रोकडवही बँकेच्या पासबुकाशी जुळते का, मंजुरीची तारीख कामाच्या आधीची आहे का, मस्टरवर सही आहे का, एवढे आम्ही बघतो. तेही वर्ष उलटून गेल्यावर, एकेका गावाला मोजके दिवस देऊन. कागद कागदाशी जुळला की आमचे समाधान होते. कागद जमिनीशी जुळतो की नाही, हे बघायला तिथे राहणाराच माणूस लागतो.

आमच्या गावातल्या एका सिमेंट रस्त्याचे घ्या. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला, काम चालू असतानाचा फोटो, सगळे जागच्या जागी. एमबीत जाडी १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच. रस्त्याच्या कडेला टेप लावला तरी सहा इंचच भरत होती. पुढे जलजीवन मिशनची पाइपलाइन टाकायला तोच रस्ता मधोमध फोडला आणि त्याचे पोट उघडे पडले. कडेला सहा इंच असलेले सिमेंट मधोमध चार बोटेही नव्हते. कडेला पाटी लावून माल पुरा भरायचा आणि मध्ये मुरूम उंच ठेवून वर पातळ थर ओढायचा, ही युक्ती ठेकेदारांच्या जगात काही नवी नाही. मी नोकरीत असते आणि ती फाईल माझ्या टेबलावर आली असती, तर माझ्यापुरता तो रस्ता सहा इंचाचाच राहिला असता.

हे पाहिले ते बचत गटाच्या बायांनी, तेही नळाचे काम कुठवर आले ते बघायला गेल्या म्हणून. त्यांनी तक्रार केली नाही. सोमवारी जाऊन एमबी बघायला मागितली, त्यातला आकडा वहीत उतरवून घेतला आणि फोडलेल्या जागेवर टेप धरून मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या आठवड्यात कनिष्ठ अभियंता स्वतः येऊन मोजून गेला. ठेकेदाराची अनामत रक्कम अडकली आणि तेवढा पट्टा त्याला पुन्हा करून द्यावा लागला. सरकारचे पैसे खाल्ले म्हणून कोणी तुरुंगात गेले नाही. पण आता गावात नव्या कामाचा मुरूम पडला की कोणी ना कोणी टेप घेऊन जाते, आणि ठेकेदाराच्या माणसाला ते माहीत असते.

लोक विचारत का नाहीत, याचे उत्तर शहरातल्या लेखांत ‘जागृतीचा अभाव’ असे येते. ते मला पटत नाही. आमच्याकडचा कास्तकार कापसाच्या काट्यावर किलोभर घट लागली तर गाडी परत फिरवतो. त्याला हिशेब कळतो. अडचण नात्यांची आहे. सरपंच मामाच्या घरचा, रोजगार सेवक शेजारचा पोरगा, ठेकेदार लग्नाला आलेला. “बाई, कायले भानगडीत पडता? उद्या धुऱ्याचा वाद निघाला त पंच म्हणून त्यालेच बोलवा लागन,” असे मला एका जाणत्या माणसाने सांगितले, आणि त्याचे चूक नव्हते. गावात प्रश्न विचारला की तो प्रश्न राहत नाही, तक्रार होते. तक्रार झाली की पार्टी पडते. मग पाण्याच्या टाकीचा हिशेब मागणारा पुढच्या निवडणुकीतला उमेदवार समजला जातो, आणि कधी कधी तो खरेच असतो.

म्हणून कोण विचारतो, हा मुद्दाच निघू नये अशी सोय हवी. ठरलेल्या दिवशी ठरलेले कागद वाचले गेले तर कोणावर आळ येत नाही. कायद्यात ही सोय आहे, हे मला जास्त बोचते. तो कायदा म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्याच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाची कामे आणि शेवटची लेखापरीक्षण टिपणी, तिला दिलेल्या उत्तरांसह, ठेवावी लागते. मी अशा किती टिपण्या लिहिल्या असतील! आक्षेप, त्याखाली वसूलपात्र रक्कम, त्याखाली ‘अनुपालन सादर करावे’. त्यांतली एखादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेल्याचे फार क्वचित कानावर आले. टिपणी कपाटात जाते, पंचायत समितीचे स्मरणपत्र येते, काहीतरी उत्तर जाते, आक्षेपाचा पॅरा वगळला जातो. ज्यांचा पैसा, त्यांना आपल्या गावावर आक्षेप होता हेही कळत नाही.

ग्रामसभेचे म्हणाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. झेंडावंदन होते, पोरांना बिस्किटे वाटतात. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो कमी असेल तो. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्या दुसऱ्या सभेला हजर असतात ते सह्या करण्यापुरतेच. वित्त आयोगाच्या पैशातून काय करायचे, हे अशा सभेत ठरते. लोक मात्र ‘आयोगाचे पैसे आले का’ असे चहाच्या टपरीवर विचारतात, जिथे उत्तर द्यायला कोणी बांधील नाही.

समोरची बाजूही खरी आहे. ग्रामसेवक हे नाव सरकारने बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले, पण एकेकाकडचा दोन-तीन गावांचा कारभार काही कमी झाला नाही. त्याच्या टेबलावर माहिती अधिकाराचे काही अर्ज असेही येतात की अर्जदाराला माहिती नको असते, ठेकेदाराशी बोलणी करायची असतात. त्या धंद्याने खऱ्या माणसाचे नुकसान केले. दहा रुपयांच्या अर्जाने बरेच काही उघडे पडले आहे, तो हक्क मोलाचाच आहे. पण एकट्याने केलेला अर्ज आणि चौघांनी मिळून उघडपणे वाचलेली वही, यांत दुसरी गोष्ट गावाला पचते.

नदीपलीकडच्या अमरावतीत हे होऊन गेले आहे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, तेव्हाचा उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. नर्सबाई ठरल्या दिवशी आली का, औषध केंद्रातच मिळाले की बाहेरून आणावे लागले, पैसे मागितले का, असे साधे प्रश्न. उत्तरांप्रमाणे गावच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा, लाल रंग भरायचा आणि जनसुनवाईत तो डॉक्टरांपुढे मांडायचा. डॉक्टरलाही तिथे आपली अडचण सांगता येते, औषधेच वरून आली नाहीत असे म्हणता येते. त्यामुळे भांडण खालच्या खाली न राहता जिथले आहे तिथे जाते.

आम्ही वर्धेकर गांधींचा जिल्हा म्हणून मिरवतो. चरखा आठवतो, प्रार्थना आठवते. मगनवाडीत राहिलेले जे. सी. कुमारप्पा मुळात हिशेबतपासनीस होते, लंडनला शिकून आलेले, हे कोणी आठवत नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, हा त्यांचा नियम. गांधीजींबरोबर आलेल्या मंडळींचा खर्चही त्या निधीतून करायला त्यांनी नकार दिला. त्यांच्यापुढे बापूंचेही व्हाउचर तपासले जाणार होते. ग्रामस्वराज्याची एवढी व्याख्या मला पुरे आहे.

आणि याची गरज आता वाढली आहे. वर्धा जिल्हा परिषद फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आली, मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षणाच्या आणि गटरचनेच्या वादात निवडणूक वर्षामागून वर्ष लांबली. अधिकारी चांगले की वाईट हा प्रश्नच नाही. स्थायी समितीत उठून ‘हा खर्च कशाचा’ म्हणणारा सदस्य नाही, आमच्या गटातली शाळेची खोली गळते म्हणून ओरडणारी बाई सभागृहात नाही. पैसा मात्र येतच राहतो आणि खर्चही होतो. अशा वेळी खाली गावात कोणी विचारले नाही, तर विचारणारे कुठेच नसते.

तर माझे एवढेच सांगणे आहे. ज्या गावात बचत गट आहे, निवृत्त मास्तर आहेत, कॉलेजात जाणारी पोरे आहेत, तिथल्या चार-पाच जणांनी महिन्यातला एक सोमवार धरावा. त्यात विरोधी पार्टीचेच सगळे नकोत, सरपंचाच्या बाजूचाही एक असावा. एका वेळी एकच गोष्ट बघावी. या महिन्यात नमुना नंबर ५ म्हणजे सामान्य रोकडवही, पुढच्या महिन्यात एका कामाची एमबी, त्याच्या पुढे नमुना ८ मधली घरपट्टीची आकारणी. घरपट्टी जरूर बघावी, कारण तिथे आपलीही थकबाकी निघते आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप बेताचा होतो. जे दिसले ते महिला ग्रामसभेत आधी आणि मोठ्या ग्रामसभेत नंतर वाचून दाखवावे, आरोप न करता. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव हेच केले. मस्टर सगळ्यांसमोर वाचले, आणि कामावर कधीच न गेलेल्यांची नावे लोकांनीच ओळखली.

आणि येत्या १ मेच्या आधी ग्रामपंचायतीला दोन ओळींचे पत्र द्या: कलम ८ प्रमाणे शेवटची लेखापरीक्षण टिपणी आणि तिची उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.