मूळ नसलेला चारा

घरी गोडा मसाला करावयास घेतला, की दगडफूल निवडण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. वाचकहो, ते फूल नव्हे. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते आणि ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडले, तेव्हा कित्येक जाणत्या पंडितांनी त्यांची थट्टाच केली.

या दगडफुलाचे एक दूरचे भावंड उत्तर ध्रुवाभोवतालच्या थंड प्रदेशांत जमिनीवर गालिच्यासारखे पसरते. रंग राखाडी-पांढुरका, आकार नाजूक पोवळ्यासारखा. लिनियसने १७५३ साली त्याला रेनडियरचेच नाव दिले. आजचे शास्त्रीय नाव क्लॅडोनिया रँजिफेरिना. हिवाळ्यात गवत नाहीसे झाले, की रेनडियर बर्फाखालील या शैवाकाचा वास घेतो आणि खुरांनी बर्फ उकरून ते खातो. त्याची वाढ वर्षाला जेमतेम चार-पाच मिलिमीटर! एकदा उजाड झालेले कुरण पुन्हा भरावयास दशकेच्या दशके लागतात. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी पशुपालकांचा हिवाळा या कुरणांच्याच आधारावर निघतो.

शैवाकाला मूळ नाही. पाणी आणि क्षार ते हवेतून, पावसातून सर्वांगाने शोषून घेते. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि काही दिवसांतच स्वीडन-नॉर्वेच्या डोंगरांवर पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम उतरले. शैवाकाने तेही साठविले. तेथून ते रेनडियरच्या मांसात गेले. हजारो जनावरांचे मांस फेकून द्यावे लागले. दूरच्या अणुभट्टीशी काडीचाही संबंध नसलेल्या सामी माणसाने हा कोणता दंड भरला, हा प्रश्न आम्हांस आजही छळतो.

नॉर्वेने त्याच वर्षी नोव्हेंबरात रेनडियरच्या मांसासाठीची मर्यादा किलोमागे ६,००० बेकरेलपर्यंत वाढविली. नाहीतर तो व्यवसायच बुडाला असता. जनावरांच्या चाटणाच्या मिठात ‘प्रशियन ब्लू’ मिसळण्यात आला. चित्रकारांचाच हा निळा रंग. तो पोटातील सीझियम धरून शेणावाटे बाहेर टाकतो. कत्तलीपूर्वी काही आठवडे कळपांना शैवाकाऐवजी दुसरा, निर्दोष चारा घालण्यात येऊ लागला. सीझियम निम्मे व्हावयास मात्र ३० वर्षे लागतात. त्यामुळे जिवंत जनावराच्या अंगाला मापक लावून पाहण्याची पाळी त्या पशुपालकांवर पुढेही वर्षानुवर्षे येत राहिली.