माझा नियम आणि बहिणीचा हंडा

(द्वितीय वर्ष कला)

‘नियम’ हा शब्द आपल्या कॉलेजात फारसा लोकप्रिय नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम, पुस्तक उशिरा परत केल्यास दंडाचा नियम, ओळखपत्र गळ्यात अडकवण्याचा नियम एवढेच आपल्याला ठाऊक. आणि ते सारे दुसऱ्यांनी केलेले. मग जो माणूस आपण होऊन स्वतःला नियम घालून घेतो त्याला वेडाच म्हणायला हवे. गेल्या वर्षी मी हा वेडेपणा केला, आणि तो पहिल्या खेपेला साफ फसला. तो का फसला याचा विचार करताना जे मत बनले ते येथे मांडत आहे.

आम्ही ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण एसटीच्या रांगेत सगळे अजून ‘नगर’च म्हणतात) एका गावात आमची पंधरा-सोळा घरे आणि पत्र्याचे एक लहानसे देऊळ आहे. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई मजुरीला जाते. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत आमच्या पाळकसाहेबांनी तरुण संघातल्या मुलांना सांगितले, “प्रत्येकाने आपला जीवननियम लिहून काढा. प्रार्थना, वाचन, काम, विसावा, पैसा, माणसे. प्रत्येकाची एकेक सवय. फार नको.”

‘फार नको’ हे मी ऐकलेच नाही. शंभर पानी वहीचे मधले पान फाडून मी चौदा कलमे लिहिली. पहाटे साडेचारला उठणे, चाळीस मिनिटे एकांतात प्रार्थना, शास्त्राचे चार अध्याय, बुधवारी उपास, मोबाइल दिवसाला अर्धा तास, रविवारी काम नाही आणि अभ्यासही नाही, रागावणे नाही, वगैरे. खाली तारीख घालून सही केली, जणू जमिनीचे खरेदीखतच! आणि तो कागद पुढच्या खोलीत, पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवला. दोन खोल्यांच्या घरात एकांत म्हणजे तोच कोपरा.

आता आमच्याकडे नळाला पाणी येते तिसऱ्या दिवशी, पहाटे पाचच्या सुमाराला, जेमतेम पाऊण तास. नळ घरात नाही, चौकात आहे. पूर्वी मी आणि माझी धाकटी बहीण मिळून पाणी भरत असू. ती यंदा दहावीला आहे. मी नियम धरल्यापासून ती एकटीच भरू लागली, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही, कारण मी देवासमोर बसलो होतो.

नवव्या की दहाव्या दिवशीची गोष्ट. मी डोळे मिटून बसलेलो. दारातून तिचा आवाज आला, “दादा, आमेन झालं का? हंडा उचलायला जरा हात लाव ना.” मी डोळे न उघडताच हाताने ‘गप्प’ अशी खूण केली. तिने एकटीने हंडा उचलला, आणि उंबऱ्यात पाय घसरून पडली. हंड्याला पोचा आला, पाणी सगळे ओसरीभर झाले, तिचा घोटा सुजला. मी काय केले? प्रार्थना मोडली म्हणून तिच्यावरच ओरडलो. चौदावे कलम ‘रागावणे नाही’ हे माझ्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर चिकटवलेले होते.

संध्याकाळी ती लंगडत त्या कागदासमोर उभी राहिली. सगळा वाचला. मग म्हणाली, “चौदा आहेत रे दादा. पण यात आमच्यातलं कोणीच नाही.”

मी कागद काढला. नियम बिघडला की सगळा विचारच बिघडला हे मला समजेना. तेव्हा पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी रागावायच्या ऐवजी कपाटातून संत बेनेडिक्टच्या नियमाचे इंग्रजी भाषांतर काढून दिले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते महिनाभर वाचले.

बेनेडिक्ट हा इटलीतला, सहाव्या शतकातला साधू. त्याने आपल्या मठासाठी प्रस्तावना आणि 73 प्रकरणांचा एक नियम लिहिला. ‘नियम’ला त्याचा लॅटिन शब्द आहे ‘रेग्युला’; मूळ अर्थ सरळ काठी, पट्टी. आपण कंपासपेटीत ठेवतो तीच. मला वाटले होते की पट्टी म्हणजे मास्तरांच्या हातातली असणार. पण पुस्तकात निघाले भलतेच. पहाटेच्या उपासनेला जे झोपाळू उशिरा येतात त्यांना वेळेत पोहोचता यावे म्हणून सुरुवातीचे एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणा, असे तो सांगतो. उठताना एकमेकांना हळुवार धीर द्या, कारण झोपाळूंजवळ सबबी फार असतात, हेही सांगतो. दीडशे स्तोत्रे आठवड्यात कशी वाटून म्हणावीत याचा बारीक हिशेब मांडल्यावर तो स्वतःच लिहितो की ही वाटणी कोणाला बरी वाटली नाही तर त्याने दुसरी करावी, फक्त आठवड्यात सगळी व्हावीत. आणि शेवटी या साऱ्याला तो नवशिक्यांसाठीचा छोटासा नियम म्हणतो. दीड हजार वर्षे टिकलेला नियम, आणि स्वतःविषयी इतके थोडे बोलतो!

पण मला धरून बसवले ते पस्तिसाव्या प्रकरणाने. ते स्वयंपाकघराविषयी आहे. बंधूंनी आळीपाळीने आठवडाभर सगळ्यांना रांधून वाढायचे. आजारी किंवा मोठ्या कामात गुंतलेला सोडला तर कोणाला सूट नाही. आठवडा संपला की पुसण्याची फडकी धुवायची, भांडी स्वच्छ करून मोजून परत द्यायची, आणि पाळी संपलेला व पाळी सुरू होणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. म्हणजे ज्या मठात दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना होते, तिथे पाणी कोण भरणार हा प्रश्न नियमातच सोडवलेला आहे. माझ्या चौदा कलमांत तो नव्हता, कारण माझ्या घरी त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते: बहीण.

दुसरे उदाहरण मला अधिक बोचले. जोनाथन एडवर्ड्‌स हा अमेरिकेतला फार मोठा धर्मोपदेशक. त्याने 1722-23 साली, म्हणजे माझ्याच वयाचा असताना, स्वतःसाठी सत्तर निश्चय लिहून काढले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे असे ठरवले. वेळ फुकट घालवू नये, खाण्यापिण्यात संयम ठेवावा, कोणाची निंदा करू नये. वाचताना माणसाची मान खाली जाते. पण याच एडवर्ड्‌सने 1731 साली व्हीनस नावाची चौदा वर्षांची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. पावती अजून आहे. सत्तर निश्चयांनी त्याला अडवले नाही. त्याची माझी बरोबरी करण्याइतका मी मूर्ख नाही. पण चौदा वर्षांची मुलगी, पहाटेचे काम आणि शेजारी बसून प्रार्थना करणारा पुरुष, हे चित्र मला ओळखीचे वाटले आणि पुस्तक मिटावे लागले.

तेव्हा माझे मत असे आहे. ख्रिस्ती माणसाने स्वतःसाठी नियम जरूर करावा, पण तो लिहिताना पहिला प्रश्न ‘मी किती वाजता उठेन’ हा नसावा. ‘मी उठून बसलो की माझे काम कोणावर पडते’ हा असावा.

यावर आमच्याच संघातला एक मित्र म्हणतो, “तारण कृपेने मिळते. मग वेळापत्रक कशाला? हा शुद्ध परूशीपणा आहे.” त्याचे बोलणे मी हसण्यावारी नेत नाही. पण येशूच्या दाखल्यातला तो परूशी आठवड्यातून दोनदा उपास करी यात त्याचे काय चुकले? चुकले ते शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे ज्या नजरेने पाहिले त्यात. शिवाय पाऊस देवाचाच असतो, म्हणून कोणी शेताला बांध घालायचे सोडत नाही.

दुसरा मित्र माळकरी घरातला. गळ्यात तुळशीची माळ, घरात एकादशी, वडिलांची आषाढीची वारी. नियम का करावा हे त्याला समजवावे लागले नाही. त्याने एवढेच विचारले, “पण लिहून कशाला काढलास? आमच्याकडे कोणी लिहीत नाही.” या प्रश्नाने मी अडलो खरा. माझ्या आजीलाही वाचता येत नव्हते. पण भाकरी थापायला बसली की ती आधी मूठभर पीठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि एक गीत गुणगुणायची. तो डबा महिनाअखेर गावातल्या एखाद्या अडलेल्या घरी जायचा. तिने त्याला कधी नियम म्हटले नाही. ती गेली, आणि आज त्या डब्यात खिळे आहेत. तिचा नेम तिच्या दिवसातून उगवला होता: जाते, चूल, शेत. माझा दिवस सहा-चाळीसची एसटी, तास, ग्रंथालय आणि मोबाइल यांचा आहे. असा दिवस आमच्या घरात माझ्याआधी कोणी जगलेलाच नाही. तो कसा धरावा हे मला कोणाकडे पाहून शिकता येत नाही, म्हणून लिहावे लागते.

रविवारचेच पाहा. ‘रविवारी काम नाही’ असे मी ऐटीत लिहिले होते. पण कांदा काढणीच्या दिवसांत आई उपासना उरकून रविवारीही मजुरीला जाते. न गेली तर टोळीत दुसरी बाई येते. म्हणजे माझा शब्बाथ तिच्या कमाईवर चाललेला. शब्बाथ माणसासाठी आहे असे येशू म्हणाला तेव्हा तो भुकेल्या शिष्यांची बाजू घेत होता, हे आपण विसरतो.

आता भिंतीवर नवा कागद आहे. कलमे चारच. पाण्याच्या दिवशी आधी पाणी, प्रार्थना मागून. बाकी दिवशी पंधरा मिनिटे. एसटीत एक स्तोत्र, खिडकीजवळची जागा मिळो न मिळो. रात्री नऊनंतर मोबाइल आईच्या उशाखाली. रविवारी संध्याकाळचा स्वयंपाक आणि भांडी माझ्याकडे, म्हणजे आईला आल्यावर पाठ टेकता येते. माझ्या भाकऱ्या अजून गोल होत नाहीत आणि वडील त्यांना कोणत्या कोणत्या देशांचे नकाशे म्हणतात ते येथे लिहीत नाही. मोबाइलचे कलम तर परवाच मोडले. पहिल्या खेपेसारखा कागद फाडला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरले.

गेल्या आठवड्यात पाहतो तो चौथ्या कलमाखाली बहिणीच्या अक्षरात पाचवे कलम: ‘दादाने रोज भूमितीचे एक प्रमेय समजावून सांगणे.’ खाली तारीख आणि तिची सही. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय झाले, पायथागोरसचे झाले. कोनदुभाजकाचे मलाच येत नाही. ते आज रात्री आम्ही दोघे मिळून वाचणार आहोत.