‘नुसती वाचतेय!’

दिवाळीच्या फराळाला चार नातेवाईक जमले, की घरातल्या तरुण मुलांची हजेरी घेतली जाते. थोरला बँकेत, त्याची बढती कुठवर आली? धाकटा इंजिनियर, त्याला पगार किती? या प्रश्नांना उत्तरे असतात आणि ती ऐकून चकली खाणाऱ्यांचे समाधान होते. पंचाईत होते ती घरात कोणी पीएच.डी. करीत असेल त्याची. ‘काय, कुठवर आलं तुझं संशोधन?’ असे विचारल्यावर ‘सध्या वाचन चाललंय’ एवढेच तो सांगतो. विचारणारा ‘अस्सं!’ म्हणतो आणि करंजीकडे वळतो. वाचन काय, ते आम्हीही दुपारी आडवे पडल्यावर करतो, असा त्या ‘अस्सं’चा अर्थ असतो.

मी आयुष्याची तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलामागे काढली. तेव्हा या विषयात दोन शब्द बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असे मी समजतो. संशोधनासाठी नाव नोंदवून पहिल्यांदा येणारी मुले बहुधा म्हणत, ‘सर, या विषयावरचं एखादं चांगलं पुस्तक द्या.’ वर्षभराने तीच मुले म्हणत, ‘सर, या विषयावर आजवर कोणी कोणी काय केलंय, ते कुठे सापडेल?’ या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात त्यांचे काय होई, ते फक्त आम्हा टेबलामागच्या लोकांनाच दिसे.

त्या वेळी हे काम अंगमेहनतीचे होते. रसायनशास्त्राच्या मुलांसाठी ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’चे जाडजूड खंड असत. जगात कुठेही रसायनावर निबंध छापून आला, की त्याचा चार ओळींचा गोषवारा त्यात यायचा. १९०७ साली अमेरिकेत सुरू झालेले हे प्रकाशन शंभराहून अधिक वर्षे छापून निघत राहिले. वैद्यकाची अशीच यादी, ‘इंडेक्स मेडिकस’, १८७९ पासून २००४ पर्यंत चालली. ते खंड वरच्या फळीवरून काढायला शिपायाला हाक मारावी लागे आणि धुळीने दोघांनाही शिंका येत. आता ते सारे संगणकात गेले. दोन शब्द टंकले, की पापणी लवायच्या आत हजार निबंधांची नावे समोर येतात. सोय झाली, यात शंकाच नाही. पण यंत्राला ठाऊक असते ते त्याच्या पोटात घातलेले तेवढेच, हे मुलांच्या सहसा लक्षात येत नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते २००१ साली अमेरिकेत दिसले. बाल्टिमोर शहरातले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ वैद्यकात जगात पहिल्या रांगेतले. तिथे दम्यासंबंधी एक प्रयोग चालू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका मोकळ्या कशा राहतात, हे पाहण्यासाठी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचे औषध हुंगायला दिले जात होते. औषध जुने, १९५०च्या सुमारास ते रक्तदाबावर देत, पुढे मागे पडले. ते देण्यापूर्वी संशोधकांनी वाचन केले नव्हते असे नाही. त्यांनी पाठ्यपुस्तक पाहिले, संगणकावरची यादीही पाहिली. पण त्या वेळी ती यादी १९६६च्या मागे जात नव्हती. आणि हे औषध घेणाऱ्या रक्तदाबाच्या रोग्यांच्या फुप्फुसांना इजा झाल्याचे निबंध छापले गेले होते ते १९५०च्या दशकात! ते फळीवर, छापील खंडांत होते. स्वयंसेवकांपैकी चोवीस वर्षांची एक धडधाकट मुलगी, त्याच संस्थेत काम करणारी, औषध हुंगल्यानंतर आजारी पडली. तिची फुप्फुसे निकामी होत गेली आणि २ जून २००१ रोजी ती वारली. चौकशी झाली. जुन्या वाङ्मयाचा शोध अपुरा पडला, हा ठपका आला. जुलैमध्ये सरकारने त्या विद्यापीठातले, सरकारी पैशावर चालणारे माणसांवरचे जवळजवळ सर्व प्रयोग काही दिवस थांबवले.

जुने निबंध वाचले असते तर ती नक्की वाचली असती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रोग्यांना औषध दिले जाई ते हुंगायला नव्हे. पण ते वाचलेला माणूस बाटली उघडण्याआधी थबकला असता, एवढे तरी खास.

हे सगळे मी माझ्या वहिनींना सांगितले. त्याला कारण त्यांची मुलगी. माझी ही पुतणी गेल्या वर्षी संशोधनाला लागली. कडधान्याला भुंगा लागतो, त्यावर कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा अर्क कितपत चालतो, हा तिचा विषय. वहिनींना विषय पसंत होता. धान्यात कडुनिंबाचा पाला घालायला त्या स्वतःच आईकडून शिकलेल्या. पण सहा महिने झाले तरी ना निंबोळी, ना भुंगा! ‘भावोजी, नुसती वाचतेय हो ती,’ त्या म्हणाल्या. ‘शिष्यवृत्तीचे दिवस भराभर चाललेत. इकडे स्थळं विचारतात, मुलगी काय करते? मी काय सांगू, वाचते म्हणून?’

त्यानंतर आठच दिवसांनी पुतणी स्वतः आली, ती रडवेली होऊन. ‘काका, माझा विषय लोकांनी आधीच करून ठेवलाय.’ आणि तिने सुरुवात केली. लिंबाच्या तेलातून ‘निंबिन’ वेगळे काढले ते सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी, १९४२ साली. १९५९ साली सुदानात टोळधाड आली, तेव्हा टोळांनी बाकी सगळे फस्त करून लिंबाची झाडे तेवढी सोडली, हे श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, निंबोळीची पूड पाण्यात कालवून पिकावर शिंपडली तर टोळ तोंड लावत नाहीत, हे दाखवले. १९६८ साली इंग्लंडात त्यातले मुख्य द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, हाती लागले; ते प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधून काढायला एका केंब्रिजच्या चमूला बावीस वर्षे लागली, ते काम २००७ साली पुरे झाले. आणि कडधान्यातल्या भुंग्यावर तर निबंधांची रांगच! ‘मग मी काय करू?’

अशी रडवेली मुले मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिली आहेत. काही त्या दिवशी विषय बदलतात, म्हणजे दुसऱ्या गर्दीत जाऊन उभी राहतात. काही आपण ते वाचलेच नाही असे दाखवून पुढे रेटतात. त्यांना पदवी मिळते, जगाला काही मिळत नाही. मी तिला विचारले, ‘या सगळ्यांनी धान्य कशात ठेवलं होतं? किती दिवस?’ ती म्हणाली, ‘बरण्यांत. काही आठवडे.’ आणि मग आपणच थांबली. आपल्याकडे तूर-हरभरा भरतात तो वर्षाच्या बेगमीचा, डब्यात नाही तर कणगीत. ॲझाडिरॅक्टिन उन्हाने लवकर नासते, हे तिने वाचलेच होते. गावोगावच्या निंबोळीत ते कमीजास्त असते, हेही. मग पावसाळा ओलांडून, दिवाळीपर्यंत, त्यातले उरते किती? तिने वाचलेल्या ढिगात याला धड उत्तर नव्हते. हा प्रश्न पहिल्या दिवशी तिला कोणी दिला असता, तर त्याची किंमत तिला कळली नसती.

तिच्या वहीबद्दल मात्र माझे तिच्याशी भांडण झाले. ‘अमक्याने तमक्याचा हवाला देऊन म्हटले आहे’ अशी टिपणे पानोपानी! अगं, त्या तमक्याचा मूळ निबंध काढून पाहा ना! पालकाचेच घ्या. पालकात लोह फार, हे आपण मुलांना दटावून सांगत आलो. मग शहाणी माणसे सांगू लागली की ते खोटे. एका जर्मन रसायनज्ञाने गेल्याच्या गेल्या शतकात दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिले आणि लोह दहापट झाले. १९८१ साली एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ही गोष्ट आली आणि पुढे जो तो ती सांगत सुटला. २०१० साली माइक सटन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्या दशांशचिन्हाचा माग काढायला घेतला, तर त्याला कसलाच पुरावा मिळेना. म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवणारी कथाच ऐकीव निघाली! मूळ कागद उघडून पाहायचे कष्ट तीस वर्षांत फारसे कोणी घेतले नव्हते. (पालक तरीही खावा, असे वहिनींनी इथे लिहायला सांगितले आहे.)

आणि एकदा वाचले म्हणजे झाले, असेही नाही. चीनमधल्या तू यूयू बाईंची हकीकत मला या बाबतीत फार आवडते. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक पटापट पडत होते, म्हणून १९६७ साली चीनने औषध शोधण्याची एक गुप्त योजना काढली. १९६९ साली बाईंकडे त्यातले एक काम आले. त्यांनी आधी काय केले? जुने वैद्यकग्रंथ वाचले, म्हाताऱ्या वैद्यांना विचारले, दोन हजारांवर औषधयोग गोळा करून त्यांतले सहाशे चाळीस एका वहीत उतरवले. मग शेकडो अर्क उंदरांवर करून पाहिले. एका वनस्पतीने, छिंगहाओने, एकदा चांगला गुण दाखवला आणि पुन्हा काही तो दाखवीना. (आपण जोतिबाला वाहतो तो दवणा याच कुळातला.) दुसरा कोणी ती वनस्पती यादीतून खोडता. बाई पुन्हा पुस्तकांकडे गेल्या. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या पुस्तकात छिंगहाओचा उपाय होता: मूठभर पाला पाण्यात भिजवावा, पिळावा आणि तो रस प्यावा. भिजवावा, पिळावा, उकळावा असे कुठेच नाही! म्हणजे उष्णतेने त्यातला गुण जात असावा. त्यांनी पाण्याऐवजी ईथर घेतले, ते पस्तीस अंशांच्या आसपासच उकळते. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी एकशे एक्क्याण्णवावा नमुना उंदरांमधल्या हिवतापावर शंभर टक्के लागू पडला. माणसांना देण्याआधी १९७२ साली बाईंनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. आर्टेमिसिनिन या त्या औषधासाठी त्यांना २०१५ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडचे उदाहरण हळदीचे. १९९५च्या मार्चमध्ये अमेरिकेत, हळदीने जखम भरून येते या ‘शोधा’चे पेटंट दिले गेले. आपल्या आज्यांना हसू येईल. पण कचेरीत आजीची साक्ष चालत नाही, छापील कागद लागतो. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांच्या माणसांनी ग्रंथालये धुंडाळून बत्तीस आधार पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक निबंधही. १९९७ साली पेटंट रद्द झाले. त्रेपन्न सालचा तो अंक कोणा ग्रंथपालाने ‘जागा नाही’ म्हणून रद्दीत घातला असता तर? हा विचार आला, की मला माझ्या धंद्यातल्या माणसांविषयी जरा जास्तच प्रेम वाटू लागते.

आता वहिनींचा प्रश्न उरतो: हे वाचन थांबायचे कधी? याला पंचांगात मुहूर्त नाही, पण खूण आहे. नवा निबंध उघडावा आणि त्याच्या शेवटच्या यादीतली बहुतेक सगळी नावे ओळखीची निघावीत. लग्नाला गेल्यावर मांडवात जिकडेतिकडे आपलेच पाहुणे दिसू लागतात, तसे. पुतणीची यादी अजून निम्मी अनोळखी आहे. मी वहिनींना संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. तोवर त्यांनी यंदाच्या निंबोळ्या तेवढ्या सावलीत वाळवून, गावाची नावे घालून, निरनिराळ्या पिशव्यांत भरून ठेवल्या आहेत.