घोडे थांबवा म्हणता, चंदी कोण घालणार?



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत घोड्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. ज्वारी निघाली, पऱ्हाटीची शेवटची वेचणी झाली की वावरात मेंढ्या बसवायला आपण धनगरांना बोलावतो. त्यांचे बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असते: भांडी, पाल, कोंबड्या, कधी तान्हे लेकरूसुद्धा. तट्टू आजारी पडले की वाडा जागीच अडकतो. आणि मार्गशीर्षात सारंगखेड्याला, माळेगावला खंडोबाच्या यात्रेत दूरदूरच्या मुलखांतली घोडी येऊन शेजारी-शेजारी उभी राहतात.

घोड्यांच्या फ्लूला अशी गर्दी फार मानवते. रोग विषाणूचा. ताप १०६ अंशांपर्यंत चढतो, कोरडा खोकला लागतो, नाक वाहते. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसतात आणि एक घोडे खोकले की सगळी पागा खोकू लागते. बादली, तोबरा, लगाम, खरारा, मोतद्दाराचे हात आणि कपडे यांवरूनही तो जातो. फ्लूने चांगले घोडे सहसा मरत नाही, तापात कामाला लावलेले मरते. त्याची फुप्फुसे जातात. (कृषी महाविद्यालयात आम्हाला बैल, म्हैस, कोंबडी सगळे शिकवले, घोडा मेंढपाळांच्या वाड्यावरच शिकलो.)

जून २००८ मध्ये हा रोग जम्मूतल्या कटऱ्याला फुटला. देशात वीस वर्षांनंतर. वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहणारी घोडी-खेचरे तिथे राबतात. खेचरवाला दिवसा कमावतो तेव्हा रात्री खातो. खोकणारे जनावर त्याने उभे कशाच्या जोरावर ठेवायचे? रोग पुढे ११ राज्यांत पोचला.

आदल्याच वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, तोच रोग ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा शिरला होता. परदेशातून आलेले घोडे जिथे वेगळे ठेवतात, त्या सिडनीजवळच्या सरकारी केंद्रातूनच तो बाहेर पडला. माजी न्यायमूर्ती इयान कॅलिनन यांच्या चौकशीने तिथली ढिलाई चव्हाट्यावर मांडली. म्हणजे दार सरकारचेच उघडे राहिले होते. पण पुढचे काम त्यांनी नेटाने केले. घोड्यांची ने-आण बंद केली, लस टोचली. सुमारे १० हजार ठिकाणी पोचलेला रोग डिसेंबर संपेपर्यंत मुळासकट गेला. नुसत्या हुकमाने हे झाले नाही. घोड्यावर पोट असणाऱ्यांना सरकारने रोजीचे पैसे दिले, धंद्यांना अनुदान दिले, वाटेत अडकलेल्या घोड्यांच्या देखभालीलाही मदत दिली. थांबणे परवडले म्हणून लोक थांबले.

आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पी आला. सप्टेंबरात जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. मेलेल्या गाईचे ३० हजार, बैलाचे २५ हजार, वासराचे १६ हजार ठरले. पण सावकाराचे देणे फेडायला ज्याला धडधाकट जोडी विकायची होती आणि बाजार बंद म्हणून जो अडला, त्याच्यासाठी त्या कागदात रकानाच नव्हता. मग तो रातोरात जनावर टेम्पोत चढवतो. त्याला चोर म्हणणे सोपे आहे. जाता जाता सांगतो, लम्पीवरची देशी लस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या संस्थेबरोबर तयार केली. घोड्यांवर काम करणारेच आपल्या बैलाच्या कामी आले.

घोडे बाळगणाऱ्यांनी यात्रेआधी पशुवैद्याकडून लस घ्यावी. दुसरी मात्रा महिना-दीड महिन्याने लागते, तेव्हा सुरुवात दिवाळीआधीच करा. नवे घोडे दोन-तीन आठवडे वेगळे बांधा. बादली आणि तोबरा आपापला. जितके दिवस ताप, तितके आठवडे आराम. खोकला दिसला की दवाखान्यात कळवा, दडवू नका.

दडवू नका म्हणताना आमची जीभ अडखळते. म्हणून येत्या जिल्हा बैठकीत ठराव मांडत आहोत: यात्रा, बाजार किंवा वाहतूक बंद करणाऱ्या प्रत्येक हुकमातच अडकलेल्या जनावरामागे रोजच्या चारा-चंदीची रक्कम लिहिलेली असावी आणि ती पहिल्या आठवड्यात मिळावी. रक्कम किती, हे घोडे पोसणारेच सांगतील. आपल्या शिवारात उतरलेल्या मेंढपाळांना बैठकीला सोबत घेऊन या.