पहिली मोटारसायकल आणि ‘एकदाच मोठी घ्या’ हे मत

अठरा वर्षे पूर्ण होऊन गिअरच्या गाडीचा परवाना हाती आलेल्या मुलाला किंवा मुलीला घरातून, मित्रांकडून आणि शोरूममधूनही एकच सल्ला मिळतो. लहान इंजिनाची गाडी वर्षभरात अपुरी पडू लागते, ती विकताना नुकसान सोसावे लागते, म्हणून थोडे पैसे वाढवून एकदाच साडेतीनशे सीसीची गाडी घ्यावी आणि तिच्यावरच हात बसवावा, असा तो सल्ला असतो. (सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये दट्ट्या जेवढी जागा व्यापत सरकतो तिचे घनसेंटिमीटरमधील माप.) या मताच्या समर्थकांची तीन प्रमाणे आहेत : जड गाडी रस्ता धरून चालते, ताकद हाताशी असली की संकटातून निसटता येते, आणि मोठ्या गाडीचे ब्रेक अधिक चांगले असतात. हे मत चुकीचे आहे आणि त्याची किंमत नवशिक्याच्या हाडांना मोजावी लागते. पहिली मोटारसायकल 100 ते 125 सीसीची, फार तर 160 सीसीपर्यंतची असावी, हेच प्रतिपादन येथे करायचे आहे.

जड गाडी स्थिर असते हे पहिले प्रमाण अर्धे खरे आहे. भरधाव वेगात, आडव्या वाऱ्यात किंवा शेजारून ट्रक गेल्यावर वजनाचा आधार मिळतो. परंतु तसा वेग ज्या रस्त्यांवर सलग राखता येतो, त्यांपैकी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. शिवाय नवशिक्या अनेकदा भरधाव वेगात नव्हे, तर चालत्या माणसाच्या गतीने वळताना पडतो. चाके वेगाने फिरत असताना गाडी बऱ्याच अंशी स्वतःच तोल सावरते, मात्र वेग उतरला की ती जबाबदारी पूर्णपणे चालकावर येते. अरुंद गल्लीत गाडी उलट फिरवताना हँडल पूर्ण वळलेले असते, चाकाखाली वाळू येते, घाबरून उजव्या हाताची बोटे पुढचा ब्रेक आवळतात आणि गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कलंडते. त्या क्षणी खाली टेकलेल्या एका पायावर गाडीचा भार येतो. शंभर सीसीच्या गटातील स्प्लेंडरचे वजन सुमारे 112 किलो आहे, तर साडेतीनशे सीसीच्या क्लासिक 350 चे 195 किलो. पहिली गाडी बहुतेकांना सावरता येते, पण दुसरी एका मर्यादेपलीकडे कलली की धडधाकट माणसालाही धरून ठेवता येत नाही. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील एवढीच बैठकीची उंची असावी, हा आग्रहही याच कारणाने धरायचा असतो.

ताकदीविषयीचे दुसरे प्रमाण अधिक घातक आहे. 65 किलो वजनाचा चालक धरला, तर आठ अश्वशक्तीची स्प्लेंडर सुमारे 177 किलो ओढते आणि सुमारे 45 अश्वशक्तीची 390 ड्यूक सुमारे 233 किलो. म्हणजे दर किलोमागे दुसऱ्या गाडीची ताकद चौपटीहून अधिक भरते. सरावलेल्या हाताला हा फरक सांभाळता येतो. नवशिक्याचे तसे नसते. हाफ क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे जेमतेम पोहोचू लागते ती क्लचची मधली जागा, त्याच्या बोटांना अजून नीट उमगलेली नसते, त्यामुळे क्लच एकदम सुटतो. गाडी पुढे झेपावते आणि धड मागे फेकले जाते, पण मूठ उजव्या हातात घट्ट असल्याने मनगट खाली दबून ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो, म्हणजे ज्या घाबरण्याने गाडी थांबायला हवी त्याच घाबरण्याने ती अधिक धावते. शंभर सीसीच्या गाडीवर हीच चूक झाली तर एक हिसका बसतो किंवा इंजिन बंद पडते. बंद पडणे ही लहान इंजिनाची उणीव मानली जाते, परंतु शिकणाऱ्याला चूक लगेच आणि इजा न होता कळावी यासाठी त्याहून चांगली सोय नाही. राहिला संकटातून निसटण्याचा प्रश्न. रिक्षा अचानक आडवी येते किंवा कुत्रे धावत येते तेव्हा वेग वाढवून क्वचितच सुटता येते. तेथे उपयोग होतो तो ब्रेकचा आणि नजरेचा. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत 40 च्या तुलनेत सव्वादोन पट ऊर्जा असते आणि ती सगळी ब्रेकला जिरवावी लागते, हे ध्यानात घेतले की जास्त ताकद संकट टाळते हे म्हणणे टिकत नाही.

ब्रेकविषयीचे तिसरे प्रमाण मात्र झटकून टाकता येत नाही. 2018 आणि 2019 मध्ये लागू झालेल्या नियमांनी 125 सीसीवरील दुचाकींना एबीएस सक्तीचे केले आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएसची मुभा दिली. एबीएस ही व्यवस्था जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही, तर सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. हा भेद खरा आहे आणि समर्थकांच्या बाजूचे सर्वांत सबळ प्रमाण हेच आहे. परंतु त्यातून साडेतीनशे सीसीची गरज सिद्ध होत नाही. एबीएस दीडशे-एकशे साठ सीसीच्या गाड्यांत मिळते आणि प्लॅटिना 110 सारख्या त्याहून लहान गाडीतही ते देण्यात आले होते. ज्याला परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. पण ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ ही घरोघरची शिकवण कायम राहिली, तर कोणतीही यंत्रणा अपुरी पडते. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके होते, म्हणून सरळ रेषेत थांबताना मुख्य काम पुढच्या ब्रेकचेच असते. तो हळूहळू, वाढत्या दाबाने आवळण्याचा सराव हलक्या गाडीवर निर्भयपणे होतो.

ब्रिटनमध्ये कायद्यानेच पायऱ्या घातल्या आहेत : सतराव्या वर्षी 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंत, एकोणिसाव्या वर्षी 35 किलोवॅटपर्यंत, आणि थेट पूर्ण परवाना हवा असल्यास चोविसाव्या वर्षी. भारतातील 1988 चा मोटार वाहन कायदा मोटारसायकलींचे विनागिअर आणि गिअरची एवढेच वर्ग करतो. म्हणून आरटीओच्या मैदानावर लहान गाडीने आठचा आकडा काढून दाखवणारा उमेदवार दुसऱ्याच दिवशी कोणतीही गाडी रस्त्यावर आणू शकतो. ही कायद्यातील मोठी उणीव आहे, आणि ती दूर होईपर्यंत पायरी ठरवण्याचे काम कुटुंबालाच करावे लागेल.

याचा अर्थ केवळ ॲव्हरेज पाहून मिळेल ती जुनी गाडी शिकायला घ्यावी, असा नाही. झिजलेले टायर आणि सैल साखळी असलेल्या गाडीवर शिकणारा स्वतःची चूक आणि गाडीचा दोष यांत फरक करू शकत नाही. चांगल्या स्थितीतील सेकंड हँड गाडी मात्र उत्तम, कारण खपाच्या 100-125 सीसी गाड्यांना पुढेही गिऱ्हाईक मिळते आणि विकताना होणाऱ्या नुकसानीचा बाऊ पोकळ ठरतो. विम्याचा हिशेबही हेच सांगतो. 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीसाठी तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता 714 रुपये होता, तर 150 ते 350 सीसीसाठी 1,366 रुपये. वाचलेल्या पैशांतून आयएसआय चिन्हाचे, हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट घ्यावेत.

मोठी गाडी केव्हा घ्यावी याचे माप मात्र किती महिने झाले हे नसावे. पाय न टेकवता अरुंद रस्त्यात गाडी वळवता येणे, घाटाच्या चढावर मागे माणूस बसलेला असताना गाडी मागे न सरकता सुटणे, आणि ताशी 40 च्या वेगातून दोन्ही ब्रेक वापरून सरळ रेषेत थांबणे या तीन गोष्टी पावसाळ्यातल्या ओल्या रस्त्यावरही विचार न करता जमू लागल्या, म्हणजे शोरूमची पायरी पुन्हा चढायला हरकत नाही.